शीचा रंग

हळदीच्या घरात मला दिली तेव्हा माझी पहिली तक्रार साड्यांबद्दल होती. सातारला आमच्या माहेरी पांढरं ते पांढरं असायचं. वडील पलटणीतून पेन्शनीवर आलेले, बनियनलासुद्धा नीळ घालायला लावणारे. सांगलीत सासऱ्यांचं हळद पॉलिश करायचं आवार होतं आणि आमचं राहतं घर त्या आवारातच. शिजवून वाळवलेली हळकुंडं पोत्यांनी यायची, गडी ती जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून ड्रम फिरवायचे, आणि हळकुंडांची साल घासली गेली की तिची धूळ उडून सगळ्या घरावर बसायची. भिंती पिवळ्या, तांब्याच्या कडा पिवळ्या, नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या पिवळ्या. लग्नात आणलेली माझी पांढरी चादर पहिल्याच आठवड्यात लिंबाच्या रंगाची झाली. मी रडायला लागले तर सासूबाई हसल्या.

“आगं, लक्षुमी हाय ती. धुऊन कुठं जाती व्हय?”

त्यांना मी आत्या म्हणायचे. उंच, हाडापेराने दणकट बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हळकुंड कटकन मोडून आतला रंग बघायच्या आणि मालाचा भाव सांगायच्या. सासरे त्यांना विचारल्याशिवाय पोतं उतरून घेत नसत. मला त्यांचा धाक होता आणि रागही यायचा, कारण त्या घरात त्यांचं म्हणणं शेवटचं असे. मला कुणाचं शेवटचं म्हणणं ऐकून घ्यायची सवय नव्हती. मॅट्रिक पास झाले होते, त्याची थोडी गुर्मीही होती.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातारला गेले आणि थंडी सरता सरता मला मुलगी झाली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते नाव मी पुढं कुणाला ठेवू दिलं नाही आणि आता कागदावर ठेवायचीही इच्छा नाही.

जन्मल्यावर ती पिवळी पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा, पंधरा दिवसांत उतरेल, नाही उतरली तर मात्र मला आणून दाखवा. आईने तिला खिडकीतल्या उन्हात धरलं. काही दिवसांनी पिवळेपणा कमी झाला, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. खरंच कमी झाला होता की नाही, ते आता कोण सांगणार. सव्वा महिना झाला तसा सासऱ्यांचा निरोप आला की हंगाम सुरू झालाय, घरात आणखी एक बाईमाणूस पाहिजे. मी बाळ घेऊन सांगलीला आले.

आणि सांगलीत आल्यावर तर कुणी तिच्या रंगाकडं पाहायचं कारणच उरलं नाही. चैत्राचा महिना, हंगाम जोरात, ड्रम दिवसभर फिरत होता. पाळण्याची दोरी पिवळी, दुपटी पिवळी, तिला घेणाऱ्या प्रत्येकाचे हात पिवळे. वर आत्या तिला रोज डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून न्हाऊ घालायच्या. सासरे आवारातून हात पुसत यायचे आणि तिच्या गालाला बोट लावून म्हणायचे, “ही आपल्या मालातलीच हाय. हिचा भाव लय लागंल बरं का.” गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय सोन्यासारखा रंग आहे पोरीचा. मी नजर लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोट लावायचे. तिला काय लागलं होतं ते तिथंच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

अंगावर पाजणाऱ्या बाईने गार पाण्यात हात घालायचा नाही, दूध आटतं, असं आमच्याकडं पक्कं मानतात. त्यामुळं बाळाची लंगोटं आत्याच धुवायच्या. त्या कुरकुर करायच्या की शूचे डाग काही केल्या निघत नाहीत, पिवळेच्या पिवळेच राहतात. मग स्वतःच उत्तर द्यायच्या की दोरी ड्रमच्या वाऱ्याला आहे, धूळ बसते, निघणार कुठून. एकदा त्यांनी मला मोरीपाशी हाक मारली आणि लंगोट उलगडून दाखवलं. पांढरी शी होती.

“ह्ये बघ,” त्या म्हणाल्या. “निव्वळ दूध. वास न्हाई, काय न्हाई. लय कसदार दूध हाय तुजं, पोरी.”

त्या बाईने माझं कौतुक केल्याचा तो पहिलाच प्रसंग. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

असे आम्ही खुशीत होतो. मुलीचा चौथा महिना सरेपर्यंत आम्ही खुशीत होतो. हे वाक्य लिहितानासुद्धा माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

जेठात माझ्या चुलतबहिणीचं लग्न मेढ्याला निघालं, त्या निमित्ताने मी मुलीला घेऊन सातारला गेले. प्रवासाने अंग आंबलं असेल म्हणून आईने आल्या आल्या तिला अंगणात आंघोळ घातली. नुसता साबण आणि पाणी. मांडीवर पालथी टाकून चोळली, उलटी केली, पुन्हा पाणी घातलं. मी ओट्यावर बसून लग्नाच्या गप्पा हाणत होते. आईने तिला पंचात गुंडाळली, मग पंचा पुन्हा सोडला आणि पुन्हा साबण लावला.

“अगं आई, किती घासशील? हळद आहे ती. आमच्याकडं सगळ्यांचं असंच असतं.”

आईने तिला उन्हाकडं तोंड करून धरली. तिच्या पापणीखाली अंगठा लावून डोळा थोडा उघडला.

“डोळ्यांत कुणी हळद घालतं का गं?” आई म्हणाली.

मी उठून पाहिलं. सातारच्या त्या लख्ख उन्हात, नीळ घातलेल्या पंचावर, माझ्या मुलीच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. मी रोज त्या डोळ्यांना काजळ घालत होते. रोज.

तिथं आत्या नव्हत्या, म्हणून लंगोटं मीच धुतली. तिथं ड्रम नव्हता, धूळ नव्हती, आणि तरी शूचा डाग साबणाने निघाला नाही. शी मी पहिल्यांदा नीट पाहिली. दुधासारखी नव्हती ती. राखाडी-पांढरी, भिजवलेल्या शाडूसारखी. मी ते लंगोट न धुता तसंच कागदात गुंडाळलं आणि लग्नाला न जाता त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी मुलीच्या आधी लंगोट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“इतके दिवस कुठं होता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “सांगलीला.” दुसरं काय सांगणार?

त्यांनी मिरजेच्या लहान मुलांच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. ते सांगलीहून जवळ. वडील आम्हाला एसटीने घेऊन निघाले. कऱ्हाडला गाडी थांबली तरी ते खाली उतरले नाहीत, मुलीला मांडीवर घेऊन ताठ बसून राहिले. पुढं एकदाच बोलले. म्हणाले, “वजन बरं आहे हिचं.” त्यांना बोलायला तेवढंच एक चांगलं सापडलं असावं.

मिरजेला मुलीचं रक्त घेतलं. एवढ्याशा हातात शीर सापडेना, म्हणून मानेतून घेतलं. आम्हाला बाहेर काढलं होतं, पण ओरडणं बाहेर ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी मी, आमचे हे आणि आत्या असे तिघं कागद घ्यायला गेलो. डॉक्टर वयाने फार मोठे नव्हते. कागद त्यांनी आमच्याकडं फिरवला आणि पेन्सिलीने दोन आकड्यांखाली रेघा मारल्या. वरचा अकरा होता, खालचा आठ.

“वरचा म्हणजे एकूण कावीळ,” ते म्हणाले. “एकाच्या आत पाहिजे. ती दोन प्रकारची असते. जन्मल्यावर बहुतेक बाळांना होते ती पहिल्या प्रकारची, ती उतरते. हा खालचा आकडा दुसऱ्या प्रकारचा. तो एवढा मोठा आहे म्हणजे लिव्हरने आपलं काम केलंय, पित्त तयार केलंय. पण ते आतड्यात उतरत नाही. परत रक्तात येतंय.”

मी मॅट्रिक पास, पण माझ्या डोक्यात काही शिरेना. ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी आत्यांकडं पाहिलं.

“आजी, बाळाच्या शीला पिवळा रंग कशाने येतो?”

“दुधानं,” आत्या म्हणाल्या.

“पित्ताने येतो. मळ्यात पाणी पाटाने येतं ना? पाट बुजला तर काय होतं?”

“फुडचं वाळतं. आन् मागं पानी फुगतं.”

“तसंच झालंय. पुढं शी पांढरी पडली. मागं पाणी फुगलं ते अंगात पसरलं. थोडं लघवीवाटे जातं. लंगोटाला पिवळे डाग पडतात का?”

 आवारातली ती दोरी माझ्या डोळ्यांसमोर आली. शीत असायचा तो रंग शूत येत होता आणि आम्ही धुळीला बोल लावत होतो. सगळ्या सांगलीत, सगळ्या जगात म्हणा हवं तर, मुलीच्या पिवळ्या डागाकडं बघून कुणाच्या मनात शंका येणार नाही असं एकच घर असेल, आणि ती नेमकी त्याच घरात आली.

यांनी ऑपरेशनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले की मुंबईत एखाद-दुसरे सर्जन प्रयत्न करतात, पण मूल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, आणि तरीही खात्री नसते. हिचं लिव्हर आताच हाताला कडक लागतंय. पुढं हे तो कागद घेऊन एकटे मुंबईला जाऊन आले. तिथंही तेच सांगितलं.

मग डॉक्टर जे बोलले त्याच्यावर आम्ही पुढचे दिवस काढले. ते म्हणाले, काही मुलांमध्ये नळी बंद नसते, आतून नुसती सूज असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि ते ओळखायची सोय माझ्याकडं नाही. पण सूज असेल तर ती उतरते, आणि उतरली की शीला रंग येतो. रोज उजेडात शी बघा. रंग आला तर माझ्याकडं या. बाकी अंगावरचं दूध आणि हे थेंब द्या, दुसरं काही नाही.

म्हणजे मुलगी जगणार की नाही ते तिच्या शीवर होतं. इतकं सोपं आणि इतकं लाजिरवाणं.

त्या दिवसापासून आमच्या घरात चहाच्या आधी शीची चौकशी होऊ लागली. पूर्वी सासऱ्यांसमोर मी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, आता मी लंगोट हातात धरून उगवतीच्या दारात उभी राहायची आणि ते आवारातून विचारायचे, “कसं काय आज?” मी मान हलवायचे. ते “बरं” म्हणायचे आणि कामाला लागायचे. गडीमाणसंसुद्धा मी दारात आले की ड्रमचा दांडा धरून थांबायची. हे मात्र विचारायचे नाहीत. कोपऱ्यात जाऊन कपडे घालत राहायचे आणि माझ्या पाठीवरून काय ते ओळखायचे. मी गणपतीच्या देवळात जायचे. देवापुढं उभं राहून मुलीच्या शीला रंग दे असं म्हणायला कसंसंच व्हायचं. तरी मी म्हणायचे, अगदी त्याच शब्दांत म्हणायचे. देवाने उगाच दुसरा काही अर्थ लावायला नको.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी शी पिवळी झाली.

मला आधी खरं वाटेना. मी लंगोट दारात नेलं, मग अंगणात नेलं, मग आत्यांना हाक मारली. त्यांनी बघितलं, आत गेल्या, मूठभर साखर आणून माझ्या तोंडात कोंबली. मला ठसका लागला. सासऱ्यांनी ड्रम थांबवला आणि गड्यांना पेढे आणायला पिटाळलं. हे पोत्यांच्या थप्पीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्या मुलीला इतकी कुस्करली की ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशीही पिवळीच. चांगली, गडद. मी त्या दोन दिवसांत तिच्या शाळेपर्यंत, लग्नापर्यंत जाऊन आले. सांगलीत द्यायची नाही, एवढं नक्की ठरवलं होतं.

आम्ही लंगोट घेऊन मिरजेला गेलो. आत्या पुढं, मी मागं. डॉक्टरांनी लंगोट पाहिलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मुलीचं पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, रक्त घेऊ, उद्या या. मला वाटलं, शिष्ट आहे मेला. चांगलं झालेलं बघवत नाही काहींना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद फिरवला. वरचा आकडा सोळा होता.

“शीला रंग येतोय आणि रक्तातली कावीळ वाढतेय, हे एकमेकांशी जमत नाही,” ते म्हणाले. “पित्त उतरत असतं तर हा आकडा खाली आला असता. तिला काय काय देताय?”

“दूध आणि थेंब,” मी म्हटलं.

“आन् गुटी,” आत्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. पहिल्या भेटीनंतर मी गुटी बंद करायला सांगितली होती. सहाण, मुरडशेंग, जायफळ, वेखंड, हळकुंड, सगळं माझ्या हाताने फडताळात वर ठेवलं होतं.

“गुटीत काय असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“समदं असतंय. पर हल्ली मी हळकुंडाचे वेढे वाढिवले हायती.” त्या बेधडक सांगत होत्या, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. “तुमीच म्हनलासा की पोटात रंग कमी पडलाय. आमच्या घरात रंगाला काय तोटा हाय? चांगलं राजापुरी हळकुंड काढलं, आतनं लालभडक. ल्हान चमचा भरून देती मी सकाळ-संध्याकाळ. बघा की, दोन दिसात रंग आला का न्हाई.”

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. ते आत्यांवर चिडले नाहीत, मला मात्र त्यांनी चिडायला हवं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “आजी, तो रंग हळदीचा आहे. तिचा नाही.”

“पर आला तर खरा.”

“वरून घातला तोच खालून आला. पित्त नाही आलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “त्याने काही बिघडलं नाही. एवढं मनात ठेवा. त्याने काही झालंही नाही.”

परतीच्या एसटीत मी आत्यांच्या शेजारी बसले नाही. घरी आल्या आल्या सहाण उचलली आणि मोरीत आपटली. सहाण फुटली नाही. पुन्हा आपटली, तरी नाही. त्या दगडाचासुद्धा मला इतका राग आला.

“मला कावीळ वाढल्याचं कमी दुःख आहे,” मी आत्यांना म्हटलं. त्या उंबऱ्याजवळ उभ्या होत्या. “ते दोन दिवस तुम्ही मला कशाला दिलेत? मी तिला मोठी करून आले होते त्या दोन दिवसांत.”

आत्या खाली बसल्या. एवढी उंच बाई, ती भिंतीला धरून बसली. 

“मी जलमभर हळद बघती,” त्या म्हणाल्या. “वरनं मातकट दिसती, मोडलं की आत रंग असतो. मला वाटलं, हिच्या आत बी आसंल. नुस्तं भाईर यायचं थांबलंय. जरा लोटलं की यील.”

 काही दिवस मी मुलीला त्यांच्या हातातही दिली नाही. पण ती पोर त्यांचा आवाज आला की मान वळवायची, हात पुढं करायची. शेवटी मीच हरले. इतक्या थोड्या माणसांवर तिचा जीव होता, त्यातलं एक माणूस मी कशाला कमी करायचं?

नंतर जे झालं ते सरळ उतारावरचं होतं. तिचा पिवळा रंग गडद होत होत हिरवट झाला. पोट नगाऱ्यासारखं झालं आणि हातापायांच्या काड्या. तिला खाज सुटायची, ती कान ओरबाडायची, म्हणून मी तिच्या हातांवर कापडाच्या पिशव्या शिवून बांधल्या. गल्लीतल्या बायकांनी सोन्यासारखा रंग म्हणायचं सोडलं. त्या आता मुलीकडं न बघता मला मिठाची, विरजणाची चौकशी करायच्या. आणि हे सगळं चालू असताना ती पोर हसायला शिकली. टाळ्या वाजवायला शिकली, पिशव्या बांधलेल्या हातांनी. त्या टाळ्यांचा आवाज यायचा नाही. मला ते बघवायचं नाही. आजारी मूल रडत असलं तर आईला काही काम असतं. ते हसत असलं की आईने काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

संक्रांतीला आत्यांनी तिचं बोरन्हाण करायचं काढलं. मी नको म्हटलं. कशाला सोहळे, असं म्हणून मी दार लोटून घेतलं. त्यांनी ऐकलं नाही. गल्लीतली पोरं गोळा केली, तिला पाटावर बसवली, पाठीला उशी लावली आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओतल्या. पोरांनी लूट केली. ती खिदळत होती. दाराच्या फटीतून मी ते सगळं पाहिलं.

त्याच आठवड्यात तिला मिरजेला दाखवून आणलं होतं. यांना औषधाच्या दुकानात पाठवून डॉक्टर मला एकटीलाच म्हणाले की लिव्हर आता पार कडक झालंय, आतल्या शिरा फुगतात आणि एखादे दिवशी फुटतात. शी काळी, चिकट आली तर समजायचं की आत रक्त गेलंय. मग माझ्याकडं आणून सुया टोचायच्या की घरी मांडीवर ठेवायची, ते तुम्ही ठरवा. मी दोन्हीला दोष देणार नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

बोरन्हाणानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, मी चुलीपुढं होते. लंगोटं पुन्हा आत्याच धुवायला लागल्या होत्या. मोरीतून त्यांची हाक आली, पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने.

“आगं, हिकडं ये. आला. रंग आला.”

मी गेले. त्या ओल्या फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या, लंगोट दोन्ही हातांवर पसरून उजेडाकडं धरलेलं. काकवीसारखी काळी, चकाकणारी शी होती.

“काळपट हाय,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “पर रंग हाय का न्हाई? इतक्या दिसांचं तुंबलेलं पित्त हाय, घट्ट झालं आसनार. पाट फुटला की पैलं असंच गढूळ येतं.” मी पाळण्याकडं बघायला लागले तसं त्यांनी लंगोट खाली ठेवलं आणि ओल्या हाताने माझा पाय धरला. सासूने सुनेचा पाय धरला. “ह्या खेपंला मी कायबी दिलेलं न्हाई गं. तुजी शप्पत. हळद न्हाई, गुटी न्हाई, बोटभर मध न्हाई. तिचं तिलाच आलंय.”

पाळण्यात मुलगी जागी होती. तिचे ओठ कधी नव्हे इतके पांढरे दिसत होते.

“मला ठाऊक आहे, आत्या,” मी म्हटलं. “तुम्ही काही दिलेलं नाही.”

त्यांना हात धुवायला सांगितले, मुलीला त्यांच्या मांडीवर दिली, आणि यांना बोलवायला आवारात गेले.